चिखलातील जुने रहिवासी

कडोलीच्या भातखाचरांतला चिखल आम्हांस घरच्यासारखाच परिचयाचा. अशाच चिखलात, साचल्या पाण्यात ‘ऱ्होडोस्यूडोमोनास पॅलुस्ट्रिस’ हा जांभळा जीवाणू नांदतो. पॅलुस्ट्रिस म्हणजे दलदलीतला. पानांप्रमाणे तोही उन्हावर जगतो. मात्र पाण्याचे विघटन करीत नसल्याने प्राणवायू सोडीत नाही. पानांतून निसटलेला अदृश्य अवरक्त प्रकाशही त्यास चालतो. हवेतील नत्र तो बांधतो, त्या ओघात हायड्रोजन देतो, सांडपाण्यातील सेंद्रिय घाणही पचवितो. २००४ साली त्याचा जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हा या अंगांमागील जनुकांचा उलगडा झाला.

आमचे वाडवडील तळ्याचा गाळ शेतात घालीत. आज बेळगावभोवतीची खाचरे बुजवून भूखंड पडत आहेत. युरियाचे पोते विकत मिळते. चिखलातली वस्ती मिळत नाही. जमीन विकण्यापूर्वी आमच्याहून जुन्या या रहिवाशांचेही स्मरण व्हावे.