रुपयाच्या पोटातला नेवाडा

शिरगाव, बदलापूर

चि. मनू,



नेवाडातल्या व्हर्जिनिया सिटीचे फोटो पोचले. तू निघताना आजीने तुझ्या पर्समध्ये घातलेला लक्ष्मीपूजनाचा रुपया आपल्याकडच्या कुठल्या खाणीतला, असं तू विचारलंस. फोनवर हे दोन मिनिटांत उरकलं असतं, पण मला ते उरकायचं नाही, म्हणून हे पत्र. उत्तर आधी सांगून टाकतो. आपल्याकडच्या खाणीतला नाही. तो रुपया १९१८ सालचा आहे, आणि त्या साली हिंदुस्थानच्या टांकसाळींना अडचणीतून सोडवणारी चांदी तू राहतेस त्या अमेरिकेतून आली.

आपल्या भागात चांदी का नाही, ते आपल्या गच्चीवरूनही दिसतं. चंदेरीचा डोंगर आठव. पावसाळ्यानंतर हवा निवळली की त्याचे आडवे थर स्वच्छ मोजता येतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला, त्यावर पुढचा थर आला. इथे पायासाठी खणलं की लागतो तो काळा पाषाण तोच. या दगडात चांदी नावालाही नाही म्हटलं तरी चालेल. ती एका जागी गोळा व्हायची तर खोल भेग हवी आणि त्या भेगेतून हजारो वर्षं वर येत राहणारं तापलेलं, खारट पाणी हवं. लहानपणी तुला वज्रेश्वरीला कुंडांवर नेलं होतं. तिथलं पाणीही भेगेतूनच वर येतं, पण ते अंघोळीपुरतं गरम. चांदी विरघळवून आणायला त्याच्या कितीतरी पट उष्णता लागते.

नेवाडात ती होती. सुमारे एक कोटी चाळीस लाख वर्षांपूर्वी तिथे ज्वालामुखी जागे होते. तिथलं भूकवच ताणलं जाऊन जमीन फाटत होती, आणि आज ज्याला माउंट डेव्हिडसन म्हणतात त्याच्या पूर्वेच्या उतारावर मोठी फट पडली. खालचं तापलेलं पाणी त्या फटीतून वर चढताना दाब कमी झाला, पाणी उकळलं, आणि त्यातलं सोनं आणि गंधकाशी जोडलेली चांदी गारगोटीच्या शिरांमध्ये मागे राहिली. हीच ती कॉमस्टॉक लोड. वाळवंटाचं कारण मात्र वेगळं. सिएरा नेवाडाचे डोंगर उंच असल्याने पॅसिफिकचा पाऊस पश्चिमेलाच अडतो आणि पलीकडची बाजू कोरडी राहते. आपला सह्याद्री माण-खटावचं जे करतो, तेच.

१८५९ साली पीटर ओ'रायली आणि पॅट्रिक मॅकलॉफ्लिन नावाचे दोन मजूर तिथल्या सिक्स माइल कॅन्यनच्या वरच्या टोकाला सोनं धुवत होते. सोनं मिळत होतं, पण एक जड, निळसर काळा गाळ सारखा आडवा येई. शिव्या देत ते तो फेकून देत. पुढे कोणीतरी त्याचा नमुना कॅलिफोर्नियात तपासायला नेला आणि त्यात सोन्याहून कितीतरी जास्त चांदी निघाली. हिवाळा संपायच्या आत सिएरा ओलांडून माणसांची रीघ लागली. ज्याच्या नावाने ही शीर ओळखली जाते तो हेन्री कॉमस्टॉक जमिनीवर हक्क सांगून यात घुसला. आपला वाटा त्याने थोड्याच दिवसांत ११,००० डॉलरना विकला आणि १८७० मध्ये स्वतःला गोळी घालून घेतली. पैसा झाला तो पुढच्यांचा. १८७३ साली कन्सॉलिडेटेड व्हर्जिनियाच्या खाणीत जे घबाड लागलं, त्याने जॉन मॅके आणि त्याचे तीन भागीदार जगातल्या श्रीमंतांत जाऊन बसले.

खाली काम करणाऱ्यांचं सांगायला हवं, कारण तिथल्या म्युझियममध्ये तू त्यांच्या लाकडी चौकटी पाहिल्यास. तिथली शीर काही ठिकाणी खोलीएवढी नव्हे, वाड्याएवढी रुंद होती, आणि दगड ठिसूळ. साधे टेकू लावले तर छत खाली यायचं. १८६० मध्ये फिलिप डाइडशायमर या जर्मन इंजिनिअरने जाड ओंडक्यांच्या घनाकृती चौकटी एकमेकींत गुंतवत वर नेण्याची पद्धत काढली. ती लागू पडली, आणि त्यापायी टाहो सरोवराभोवतीची जंगलं उघडीबोडकी झाली. खोल गेलं की उष्णता. ज्या गरम पाण्याने चांदी आणली त्याचा वंशज अजून खाली होताच. तीन हजार फुटांवर पाण्याचं तापमान ७० अंश सेल्सिअसच्या वर जाई. माणसं कमरेला फडकं गुंडाळून काम करत, त्यांच्यासाठी बर्फ खाली सोडत, आणि थोडा वेळ काम की बराच वेळ विश्रांती असा क्रम असे. हे पाणी काढायला अॅडॉल्फ सुट्रोने जवळजवळ चार मैलांचा बोगदा खणायला घेतला. १८६९ ला सुरू झालेला तो बोगदा १८७८ ला खाणीला जाऊन भिडला, तेव्हा चांगली चांदी संपत आली होती. त्याच्या चिकाटीचं मला फार कौतुक वाटतं, आणि वाईटही.

आता आपल्याकडे ये. नेवाडाची चांदी बाजारात आली आणि त्याच सुमारास जर्मनीने चांदीचं चलन सोडून सोनं धरलं. चांदी घसरली. आपला रुपया चांदीचा, म्हणून तोही घसरला. १८७० च्या सुमारास दोन शिलिंगांच्या आसपास असलेला रुपया १८९० नंतर सव्वा शिलिंगाच्या खाली आला. लंडनला द्यायचे 'होम चार्जेस' पौंडात होते, म्हणजे तेवढेच पौंड भरायला इथल्या रयतेकडून जास्त रुपये उकळायचे. शेवटी १८९३ मध्ये सरकारने टांकसाळींची दारं लोकांच्या चांदीला बंद केली. तोवर कोणीही चांदी नेऊन रुपये पाडून घेऊ शके. आपल्या पणजोबांच्या पिढीला या वाढीव वसुलीचं मूळ कुठल्या डोंगरात आहे हे कोण सांगणार होतं?

पहिल्या महायुद्धात उलटं झालं. ब्रिटिश सरकार इथून धान्य, ताग, कातडी उचलत होतं आणि मेसोपोटेमियातल्या फौजेचा खर्चही रुपयांत भागवत होतं. मेक्सिकोत क्रांती चाललेली, तिथली चांदी आटली. भाव इतका वाढला की रुपयातली चांदी रुपयापेक्षा महाग झाली. लोक बंदे रुपये दाबून ठेवू लागले. सरकारने नाणी वितळवायला बंदी केली आणि १९१७ च्या अखेरीस एक रुपयाची कागदी नोट काढली. कागदावर भरवसा कोण ठेवणार? १९१८ च्या वसंतात नोटा घेऊन खिडकीवर उभ्या राहणाऱ्यांना द्यायला रुपये उरतील की नाही, अशी वेळ आली.

तेव्हा वॉशिंग्टनमध्ये कायदा झाला, २३ एप्रिल १९१८. तो मांडणारा सिनेटर की पिटमन तुझ्याच नेवाडाचा. खजिन्यात पडून असलेले चांदीचे डॉलर वितळवायचे, ती चांदी औंसाला एक डॉलर भावाने ब्रिटिशांना हिंदुस्थानसाठी विकायची, आणि नंतर तेवढीच चांदी अमेरिकेतल्या खाणवाल्यांकडून त्याच भावाने परत घ्यायची. पिटमनने इथली सोय पाहता पाहता आपल्या मतदारांची सोय पक्की केली, यात मला काही गैर वाटत नाही. सुमारे २७ कोटी डॉलर वितळले, त्यातले जवळजवळ २६ कोटी आपल्या वाट्याला आले. एका डॉलरातल्या चांदीत सव्वादोन रुपये होतात. हिशोब कर, अठ्ठावन्न कोटी रुपये! ते डॉलर पडले होते ते नेवाडा आणि भोवतालच्या राज्यांतल्या खाणींच्या चांदीतून. कार्सन सिटीत तर खास कॉमस्टॉकसाठी टांकसाळ उघडली होती, १८७० पासून.

तुझा रुपया आता उजेडात धर. एका बाजूला पंचम जॉर्ज मुकुट घालून. त्याच्या झग्यावर छोटा हत्ती कोरलाय. १९११ च्या पहिल्या नाण्यांवर तो लोकांना डुकरासारखा दिसला, गवगवा झाला, म्हणून पुढच्या वर्षी नीट केला. दुसऱ्या बाजूला वेलबुट्टीच्या आत 'वन रुपी' आणि खाली साल. अगदी तळाच्या फुलाखाली बारीक टिंब दिसलं तर नाणं मुंबईच्या टांकसाळीतलं, फोर्टातलं. टिंब नसेल तर कलकत्त्याचं. वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. दातांची पावडर लावून घासू नकोस, टिंब आधी झिजतं.

एक शेवटचं, आणि हे मनावर घे. नेवाडात खनिजाची भुकटी करून लोखंडी कढयांत मीठ, मोरचूद आणि पारा घालून वाफेवर घोटत. पारा चांदीला धरून ठेवी, मग तो उडवून चांदी वेगळी करत. बराच पारा मात्र परत मिळालाच नाही. हजारो टन कार्सन नदीच्या गाळात गेला आणि अजून तिथेच आहे. अमेरिकन सरकारने १९९० मध्ये ती जागा विषारी म्हणून आपल्या सफाईच्या यादीत घातली. डेटनच्या खाली नदीत आणि लहॉन्टन तलावात लोक गळ टाकून बसतात, पण तिथले मासे खाऊ नयेत अशी आरोग्य खात्याची सूचना आहे. जावईबापूंना मासेमारीचा नाद आहे म्हणून मुद्दाम लिहितो. टाहोला जा, नाहीतर बाजारातून आणा.

आजीची तब्येत ठीक आहे. तुझ्या आईला हे पत्र वाचून दाखव.

तुझा,
मामा