मोटारीतला पडदा

आपल्या माणसांना वस्तू पुसण्याची जात्याच हौस. दारावरची पितळी पाटी असो, आजोबांच्या वेळचा आरसा असो किंवा कपाटातली क्वचितच बाहेर निघणारी काचेची भांडी असोत. सणावाराआधी त्यांच्यावरून फडके फिरल्याशिवाय घरातील वडीलधाऱ्यांना चैन पडत नाही. मोटारगाडीच्या वाट्याला तर हे प्रेम रोजच येते. सकाळी सहाच्या सुमारास आमच्या वसईच्या कोणत्याही आळीतून फेरी मारावी, चार-दोन अंगणांत तरी बादली, ओले पिवळे फडके आणि वाकलेली पाठ दिसतेच. या दृश्याचे आम्हांस कौतुकच आहे. मात्र गेल्या दहा-पंधरा वर्षांत मोटारीत असा एक भाग येऊन बसला आहे, की ज्याचे नुकसान धुळीपेक्षा पुसण्यानेच अधिक होते. चालकाच्या डाव्या हाताशी असलेला तो काचेचा पडदा. लोक त्याला टचस्क्रीन म्हणतात. आम्ही निवृत्त शिक्षक आहोत आणि विज्ञान शिकविण्यात आमची हयात गेली, म्हणून असेल. पण या पडद्याविषयी चार शब्द लिहावेत असे बरेच दिवस मनात होते.

हा पडदा वाटतो तितका नवा नाही. इंग्लंडमध्ये माल्व्हर्न येथील सरकारी रडार संशोधन संस्थेत ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्ये बोटाच्या स्पर्शाने चालणाऱ्या पडद्याची कल्पना मांडली. ती विमानांच्या वाहतुकीचे नियंत्रण करणाऱ्यांसाठी होती. मोटारीत तो अमेरिकेतील ब्यूइक रिव्हिएराच्या १९८६ च्या गाडीबरोबर आला, आणि लोकांना फारसा रुचला नाही. रेडिओचा आवाज वाढविण्यासाठी रस्त्यावरची नजर काढून काचेकडे पाहावे लागते, ही तक्रार तेव्हापासूनची आहे. पुढे २०१२ मध्ये टेस्लाच्या मॉडेल एसमध्ये सतरा इंची पडदा बसला आणि बटणांचे राज्य संपत आले. आज आमच्या भाजीवाल्याच्या धाकट्या मोटारीतही पडदा आहे. युरोपातील वाहनांची सुरक्षितता तपासणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने मात्र भोंगा, वायपर, दिशा दाखविणारे दिवे अशा कामांना खरीखुरी बटणेच असावीत, असा आग्रह २०२६ पासूनच्या आपल्या मूल्यमापनात धरला आहे. आमचे मत विचाराल तर ते त्या संस्थेच्या बाजूचे आहे. परंतु आमचे मत विचारून कोणी मोटारी बनवीत नाही.

पडद्याला नुसती काच समजणे हाच सगळ्या घोटाळ्याचा उगम होय. काचेच्या आतल्या अंगाला इंडियम टिन ऑक्साइड नावाच्या पदार्थाचा पारदर्शक आणि तरीही विद्युतवाहक असा पातळ थर असतो. आपले बोट जवळ गेले की तेथील विद्युतभारात किंचित फरक पडतो आणि यंत्राला बोटाचा ठाव लागतो. म्हणूनच नखाने किंवा जाड हातमोज्याने बहुतेक पडदे हालत नाहीत, आणि पाण्याचा थेंब पडला तर उगाचच काहीतरी सुरू होते. जुन्या मोटारींतील पडदे दाबावर चालत. त्यांची वरची बाजू काचेची नसून प्लास्टिकची असे, आणि ती फारच हळवी. आपल्या मोटारीत कोणता आहे हे पाहायचे झाल्यास नखाने हलकेच दाबून पाहावे. नखाला दाद दिली तर तो दाबाचा. पण खरी नाजूक गोष्ट आत नसून बाहेर असते. काचेच्या वरच्या अंगावर उन्हाची तिरीप मोडणारा एक लेप असतो, आणि बऱ्याचदा त्यावर बोटांचे तेल चिकटू न देणारा दुसराही असतो. हा दुसरा लेप इतका पातळ, की त्याच्या जाडीशी तुलना करण्यास केससुद्धा फार जाड. तो घासण्याने झिजतो आणि तीव्र रसायनाने विरतो. एकदा गेला की परत येत नाही.

यावरून आमच्या शेजारी घडलेला एक प्रसंग सांगणे भाग आहे. शेजारच्या इमारतीत एक सद्गृहस्थ राहतात. एका बड्या आस्थापनेतून निवृत्त झालेले, व्यवस्थित, स्वच्छतेचे भोक्ते. त्यांच्या मोटारीच्या पडद्यावर कोड फुटल्यासारखे पांढुरके डाग उमटले. त्या इमारतीतील दहा-बारा मोटारी पुसणारा एक परप्रांतीय मुलगा आहे, असेल एकोणीस-वीस वर्षांचा. संशय अर्थातच त्याच्यावर गेला. "दोन महिन्यांचे पैसे कापतो, म्हणजे समजेल," असे गृहस्थ म्हणाले. मुलगा मान खाली घालून उभा होता. "अंकल, मैंने कपडा गीला भी नहीं किया," एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

आम्ही तेथून जात होतो. "सर, तुम्हीच पाहा," म्हणून गृहस्थांनी आम्हांलाच पंच नेमले. आम्ही मोटारीत बसून पडदा बंद करविला, कारण काळ्या पडद्यावर दोष स्पष्ट दिसतात. फडक्यातील वाळूने नुकसान झाले असते तर रेघा दिसल्या असत्या. वाळू म्हणजे बहुतांशी गारगोटी. तिचा कठीणपणा मोह्‌सच्या मापात सात आणि साध्या काचेचा साडेपाचच्या आसपास, तेव्हा काचेवर रेघ ओढण्यास वाळूचा एक कण पुरेसा होतो. येथे रेघ एकही नव्हती. डाग मध्यभागी दाट, कडेला विरळ, आणि त्यांतून दोन ओघळ खालच्या कडेपर्यंत गेलेले. अंगावर फवारा मारल्यावर जसे होते तसे हुबेहूब. दाराच्या कप्प्यात खिडक्यांच्या काचा पुसण्याच्या निळ्या द्रवाची बाटली होती. तिच्या पाठीवरील बारीक अक्षरांत अमोनियाचा उल्लेख होता. "ही कोण वापरतो?" आम्ही विचारले. मुलाजवळ गाडीची किल्ली कधीच नसते, तो बाहेरूनच पुसतो आणि रविवारी मालक उभे असताना तेवढे आतून झाडतो, हे तेथेच निष्पन्न झाले.

गृहस्थ काही बोलले नाहीत. आम्हीही बोललो नाही. वयस्कर माणसाला चारचौघांत अधिक विचारू नये. पण त्या महिन्याचे पैसे मुलाला पूर्ण मिळाले, हे आम्ही पुढे चौकशी करून खात्री करून घेतले. नवा पडदा बसविण्याचा खर्च त्या मुलाच्या कित्येक महिन्यांच्या कमाईएवढा होता, हेही तेव्हाच कळले.

असले द्रव खिडकीच्या काचेसाठी उत्तम, यात वाद नाही. अमोनिया, ॲसिटोन, घासण्याची पूड, भांड्यांचा साबण यांना मात्र पडद्यापासून दूर ठेवावे. २०२० च्या महामारीच्या दिवसांत तर हाताला लावायचा सॅनिटायझर लोकांनी मोटारीतील प्रत्येक वस्तूला फासला. त्यातील मद्यार्क सत्तर टक्क्यांच्या आसपास असतो, आणि लेप असलेल्या पडद्याला तो वारंवार लावणे बरे नव्हे. काही उत्पादक सौम्य मद्यार्क चालतो म्हणतात, काही बिलकूल नको म्हणतात. याचा निवाडा मोटारीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत असतो. ती पुस्तिका ज्या पिशवीत येते त्याच पिशवीत वर्षानुवर्षे पडून असते, ही गोष्ट वेगळी.

मग पुसावे कशाने? मायक्रोफायबरचे स्वच्छ फडके आणि थोडे पाणी, याहून अधिक काही लागत नाही. पाण्याचेही एक तारतम्य आहे. आमच्या वसईच्या पश्चिम पट्ट्यात कित्येक विहिरींचे पाणी मचूळ झाले आहे. ते वाळले की काचेवर क्षारांचे ठिपके राहतात आणि ते काढण्यासाठी माणूस पुन्हा घासू लागतो. त्यापेक्षा बॅटरीत घालायचे पाणी आणावे. इन्व्हर्टरसाठी ते घरोघरी असतेच, आणि त्यात क्षार नसतात. पाणी पडद्यावर न शिंपडता फडक्यावर घ्यावे, तेही फडके दमट होईल इतकेच. काच आणि तिची चौकट यांमधील फटीतून पाणी आत ओढले जाते, आणि आत गेलेले पाणी बाहेर काढणे कोणाच्या हातचे नाही.

त्याआधी कोरड्या मऊ कुंचल्याने धूळ झटकावी. हे काम कंटाळवाणे म्हणून लोक टाळतात, आणि सगळ्या रेघा नेमक्या येथेच उमटतात. आमच्याकडे समुद्राचा वारा मीठ आणि बारीक रेती घेऊन येतो. महामार्गाच्या बाजूला राहणाऱ्यांना बांधकामाची धूळ. ओले फडके थेट लावले की हे सारे कण फडक्याखाली दळले जातात. कागदी रुमाल तर नकोच. लाकडाच्या लगद्याचा कागद दिसतो मऊ, पण पातळ लेपावर तो खरखरीतच ठरतो. सदऱ्याचे टोक, पदर, ओढणी यांनाही आम्ही आवर घालतो. त्यांत कोणती रेती अडकली आहे हे देवच जाणे. फडके धुताना कपडे मऊ करणारा द्रव घालू नये, कारण तो धाग्यांवर मेणासारखा बसतो आणि मग तेच फडके काचेवर पट्टे ओढते. पुसताना मोटार बंद असावी. चालू पडद्यावर फडके फिरविले की शेवटी ज्याच्याशी बोलणे झाले असेल त्याला फोन लागतो, आणि सकाळी सहाला कोणाची झोप मोडणे हे शेजारधर्मास धरून नाही.

पडद्यावर झिलई चढविणाऱ्या चिकट कागदाविषयी आम्हांला नेहमी विचारतात. आम्ही त्याच्या बाजूचे आहोत. तो स्वतः ओरखडे झेलतो आणि दोन-तीन वर्षांनी बदलता येतो. पाकिटावरील ९एच या अक्षरांना मात्र भुलू नये. ते पेन्सिलीच्या शिशाचे माप आहे, मोह्‌सचे नव्हे; तेव्हा वाळू त्यालाही ओरखडतेच. खरखरीत पृष्ठाचा कागद ऊन मोडतो, पण अक्षरांवर किंचित धुके आणतो. लावायचाच तर पावसाळ्यातील झिमझिम सरीचा दिवस निवडावा, हवेत धूळ कमी असते. एक गोष्ट मात्र करू नये. कारखान्यातून येणारे पातळ प्लास्टिक नवेपणा टिकावा म्हणून वर्षभर तसेच ठेवण्याची जी पद्धत आहे, तिच्यात कडेला बुडबुडे येतात, बुडबुड्यांत धूळ शिरते, आणि नव्या मोटारीचा पडदा पहिल्या दिवसापासून जुना दिसतो. सोफ्यावरचे आणि रिमोटवरचे प्लास्टिक आम्ही पाहिलेले आहे. त्याचीच ही धाकटी भावंडे.

उन्हाचे दुखणे पुसण्याने बरे होत नाही. एप्रिल-मे महिन्यांत उभ्या मोटारीच्या आतील तापमान पन्नास अंश सेल्सिअसच्या पुढे सहज जाते. पडद्यातील द्रवस्फटिक त्या उष्णतेत आपला क्रम सोडतात आणि पडदा काळवंडतो. थंड झाल्यावर बहुधा पूर्ववत होतो. पुढच्या काचेला चंदेरी आडपडदा लावणे हाच उपाय. झाडाची सावली उत्तम, मात्र ते झाड नारळाचे नसावे. आणखी एक गंमत आम्ही पाहिली आहे. ध्रुवण करणारा काळा चष्मा घातलेल्या माणसास पडदा अंधुक दिसतो, आणि तो बिचारा तो घासून घासून दमतो. चष्मा काढला की झाले.

हे सारे टापटिपीपुरते असते तर आम्ही एवढे पाल्हाळ लावले नसते. आता मोटार मागे घेताना आरशाऐवजी लोक पडद्यावरील चित्राकडे पाहतात. सायंकाळी पाचच्या सुमारास समुद्राकडे तोंड करून अंगणात उभी केलेली मोटार मागे घ्यावी. मावळतीचे ऊन मागच्या आसनावरील पांढऱ्या आच्छादनावर पडून पडद्यावर उलटते. त्यावर खोबरेल तेलाच्या बोटांचे ठसे असले की मागचे अंगण एक पांढरा ढग होऊन बसते. मोठ्या माणसाला हाक मारता येते. रांगते मूल हाक मारत नाही. मागच्या बाजूच्या कॅमेऱ्याचे भिंगही पावसाळ्यात चिखलाने माखते, आणि पडदा कितीही लखलखीत असला तरी दाखवितो तो चिखलच. म्हणून आम्ही पडद्याबरोबर ते भिंगही पुसतो, त्याच पाण्याने पण वेगळ्या फडक्याने; आणि तरीही मोटार हलविण्यापूर्वी खाली उतरून एकदा मागे जाऊन येतो.

पुसणाऱ्या मुलाला आम्ही दोन रंगांची फडकी दिली आहेत. निळे आतले, पिवळे बाहेरचे. परवा त्याने शेजारच्या त्या गृहस्थांनाही एक निळे फडके मागितले, आणि त्यांनी ते मुकाट्याने आणून दिले.