गळ्यातील गाठ

गळ्यात गाठ दिसली की कर्करोग झाला, असे समीकरण आपल्या गावांतून रूढ होऊन बसले आहे. वस्तुतः थायरॉईड ग्रंथीतील गाठींपैकी शंभरांत नव्वदांच्या आसपास निरुपद्रवी असतात. दक्षिण कोरियात सोनोग्राफीने सरसकट गळे तपासू लागले तेव्हा 2011 साली या कर्करोगाची नोंद 1993च्या पंधरापट झाली. मृत्यूंचे प्रमाण मात्र होते तेथेच राहिले! तेव्हा गाठ सापडणे निराळे आणि ती घातक असणे निराळे.

शस्त्र लावण्यापूर्वी हे ओळखावे कसे? पहिली साक्ष सोनोग्राफीची. गाठ भरीव की पाण्याची, कडा रेखीव की वेड्यावाकड्या, आत चुन्याचे बारीक कण आहेत काय, रुंदीहून उंची अधिक आहे काय, हे पाहून डॉक्टर संशयाचे माप ठरवितात. संशय वाटला तर बारीक सुईने पेशी काढतात. त्या पेशींचे सहा वर्ग करण्याची पद्धत अमेरिकेत बेथेस्डा येथील 2007च्या परिषदेतून निघाली. त्यात दुसरा वर्ग निर्धोक, सहावा कर्करोगाचा.

आमच्या थोरल्या वहिनींचा अहवाल आला चौथ्या वर्गाचा, आणि खरे कोडे आम्हांस तेथे उमगले. एका जातीच्या कर्करोगाच्या पेशी निरुपद्रवी गाठीच्या पेशींसारख्याच दिसतात. भेद इतकाच की, कर्करोग गाठीभोवतीचे वेष्टण किंवा रक्तवाहिन्या भेदून जातो. सुई पेशी आणते, वेष्टण आणीत नाही. मूठभर धान्य पाहून शेताचे कुंपण मोडले आहे की नाही, हे कोण सांगणार? पेशींतील जनुके तपासण्याच्या चाचण्या आता निघाल्या आहेत. पण त्यांचा खर्च आम्हांस झेपण्याजोगा नव्हता.

घरात दोन पक्ष पडले. एक म्हणे, सगळी ग्रंथी काढून मोकळे व्हा; दुसरा म्हणे, हातच लावू नका. (औषधाची गोळी जन्मभर घ्यावी लागेल ती वहिनींना, याचा विसर दोघांनाही!) वहिनींनी डॉक्टरांस एकच विचारले, "माझा आवाज जाईल का?" आवाजाची नस ग्रंथीच्या मागूनच जाते, तिला कायमची इजा क्वचित होते, पण होते, असे त्यांनी न लपविता सांगितले. मग गाठ असलेली अर्धी बाजूच काढावी, ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी आणि उरलेल्या अर्धीचा विचार त्यानंतर करावा, असे वहिनींनीच ठरविले. त्यावर दोन्ही पक्ष गप्प झाले.