दहावीचं मृत्युपत्र

निरोप समारंभ म्हटला की हार, पेढे, भाषणं अन् रडारड! बारामतीच्या आमच्या दहावीनं मात्र नववीला चक्क 'मृत्युपत्र' वाचून दाखवलं. डुगडुगणारा शेवटचा बाक, खुणा करकरून फाटलेलं 'एकवीस अपेक्षित', टोक मोडलेलं कर्कटक... घ्या, सगळं तुमचं! सरसुद्धा हसले.

शेवटी माझी मैत्रीण उठली. ती इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवहून एस.टी.नं यायची. तिथलं जुनं देऊळ उजनी धरणात बुडालंय. उन्हाळ्यात पाणी खूप उतरलं तरच दिसतं, बरं का! "ते देऊळ सगळ्यांना," ती म्हणाली, "अन् माझी खिडकीची जागा भिगवणला चढणाऱ्या नववीतल्या पोरीला."

हिला अकरावीला पाठवायचं की नाही, ते घरी अजून ठरायचं होतं.

"ताई, अन् तूच परत आलीस तर?" त्या पोरीनं विचारलं.

"तर काय! जरा सरकून बस."