कसं केलंस, सांग बघू

503 वजा 178. तिसरी-चौथीच्या वर्गात हे गणित घातलं की दोन चुकीची उत्तरं हमखास येतात, 475 आणि 335. लाल फुली दोन्हींवर मारता येते, पण दोघांचं अडणं वेगळं आहे. पहिल्याने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलाय, मग मोठा वर असो की खाली. दुसऱ्याला हातचा घेता येतो, पाचाचे चार होतात हेही ठाऊक आहे. शतक सुटं करून मिळालेल्या दहा दशकांतलं एक एककाकडे गेल्यावर नऊच उरतात, एवढंच निसटलंय. फुली यातलं काहीच सांगत नाही.

म्हणून आमच्या वर्गात प्रत्येक गणिताखाली एक ओळ मोकळी असते. ‘कसं केलं’ ते तिथे आपल्या बोलीत लिहायचं. एका मुलीने लिहिलं, ‘शून्यातून सात जात नाही म्हणून सातातून शून्य काढलं.’ तिच्यापुढे शंभराच्या पाच नोटा आणि रुपयाची तीन नाणी ठेवली आणि 178 रुपये द्यायला सांगितले. दहाची नोट एकही नाही! शंभराची मोड मागायला ती आपणहून उठली. नंतर जुन्या ओळीखाली तिने नवी ओळ लिहिली. मला ती बरोबर उत्तराहून मोलाची वाटते.

ब्राउन आणि बर्टन या अमेरिकी संशोधकांनी 1978 मध्ये वजाबाकीतल्या अशा चुकांची मांडणी केली. पुष्कळदा तो धांदरटपणा नसतोच. मूल स्वतः बनवलेला नियम इमानाने पाळत असतं.

गुण मी त्या दिवशी सांगत नाही. रूथ बटलर यांच्या 1988 च्या इस्रायलमधल्या अभ्यासात नुसता शेरा मिळालेली मुलं पुढे गेली. शेऱ्यासोबत गुणही दिले, तेव्हा तो लाभ दिसला नाही.

वेळ कुठून आणायचा, हा सहकाऱ्यांचा प्रश्न खरा आहे. मी गणितं कमी केली. आणि ‘आज काय शिकलास’ असं मोघम विचारत नाही. त्यावर ‘छान वाटलं’ एवढंच हाती लागतं. कुठे अडलास, तिथे काय केलंस, असं नेमकं विचारावं लागतं. उत्तर बरोबर असलं तरीही विचारावं, नाहीतर ‘कसं केलंस’ म्हणजे चुकलं, असंच मुलं धरून चालतात.

पालकांनो, आज वही उघडाल तेव्हा गुणांआधी एक गणित कसं केलं ते विचारा, आणि मुलाचं सांगून होईपर्यंत मध्ये बोलू नका.