चाळीस रुपयांचा विमा



सासूबाईंनी लोणच्याचा त्याग केला त्या वर्षी आमच्या चिनीमातीच्या बरण्या माळ्यावर गेल्या, त्या गेल्याच. लहानमोठ्या मिळून सव्वीस. शिवाय पितळी डबे, कंदील, अडकित्ते, दोन लाकडी घड्याळे. वाडा पाडायचा ठरला तेव्हा भंगारवाला किलोवर भाव सांगू लागला. माझ्या भाच्याने ते ऐकले आणि म्हणाला, "मामी, थांब. शहरात लोक याला जास्त पैसे देतात." त्याने मला ऑनलाइन लिलावाच्या एका साइटवर खाते काढून दिले. ही 2017 ची गोष्ट. (बोन चायनाचा एक सेटही निघाला. त्यात हाडांची राख असते हे कळल्यावर तो वापरायचाही नाही आणि विकायचाही नाही असे ठरवले. तो अजून पडून आहे.)

विकणे सोपे होते, पाठवणे अवघड. बरणी वाटेत फुटली तर काय? तेव्हा स्पीड पोस्टाने पाठवलेली वस्तू हरवली तर भरपाई मिळायची ती टपालखर्चाच्या दुप्पट किंवा 1000 रुपये, यातली जी रक्कम कमी असेल ती. म्हणजे 80 रुपये टपाल भरले असेल तर 160 मिळणार, मग आत सोने असो की सुपारी. याहून जास्त हवे तर विमा वेगळा उतरवायचा. प्रत्येक पार्सलचा विमा म्हणजे दर वेळी पैसे, फॉर्म, पावती.

मी 1981 ची बी.कॉम. विम्याचा पेपर होता आम्हाला. विमा कंपनी करते काय, तर शंभर जणांकडून थोडे थोडे घेते आणि ज्या दोघांचे नुकसान होते त्यांना देते. मधला खर्च आणि नफा तिचा. मग हे मी घरातच का करू नये? मी एक पितळी डबा बाजूला काढला आणि दर पार्सलमागे 40 रुपये त्यात टाकू लागले. एवढे चांगलेच होते. चूक केली ती बिलात. वस्तूची किंमत, टपाल आणि त्याखाली 'विमा 40 रु.' असे मी लिहीत होते. डब्यातले पैसे गिऱ्हाइकाचे होते, आणि विमा कुठेही उतरवलेला नव्हता.

सदतीस पार्सले नीट पोचली. अडतिसावी बरणी नाशिकला फुटून पोचली. त्या बाईंचा फोन आला. आवाज अगदी सौम्य. "काकू, तुम्ही विमा घेतलाय ना, मग तुमचे नुकसान नको. मला पावतीचा फोटो पाठवा, क्लेमसाठी लागेल ती सही मी करून देते."

माझी जीभच उचलेना. पावती नव्हतीच.

आमचे हे म्हणाले, "अगं, सांग की क्लेम टाकलाय, पंधरा दिवस लागतील. पैसे तर तू देणारच आहेस ना!" पैसे देणार होते हे खरेच. पण एक खोटे झाकायला दुसरे, आणि तेही त्या बाई माझ्या नुकसानीची काळजी करत असताना? मी परत फोन लावला आणि होते ते सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत." बरणीचे 1350, टपालाचे 160 आणि 'विम्या'चे 40 असे 1550 रुपये पाठवले. डब्यात 1520 होते. वरचे तीस पर्समधून घातले.

प्रकरण तिथे मिटायला हवे होते, पण मिटले नाही. दशलक्षण पर्वात उत्तम आर्जवाच्या दिवशी पंडितजी मन, वचन आणि काया एका रेषेत असण्यावर बोलत होते, आणि माझ्या डोळ्यांपुढे बिलातली ती ओळ. अचौर्याच्या अतिचारांत हीनाधिक मानोन्मान येते, म्हणजे मापात कमी-जास्त करणे. आजवर मला वाटायचे, हा दोष तराजूवाल्यांचा, आपला काय संबंध? आणि इथे मी चाळीस रुपये घेऊन पारड्यात काहीच टाकले नव्हते. गंमत म्हणजे कॉलेजच्या पुस्तकातही विम्याचे पहिले तत्त्व परम विश्वासाचेच होते. परीक्षेत त्यावर मी दीड पान लिहिले होते!

बाकीच्या सदतीस जणांना संदेश लिहिला आणि पैसे परत केले, काहींना फोनवरून, काहींना मनीऑर्डरने. 1480 रुपये घरखर्चाच्या बचतीतून गेले. जाऊबाई म्हणाल्या, "धंदा करतेस की प्रायश्चित्त?" एका गृहस्थांना वाटले की मी त्यांना फसवून बँकेचा नंबर मागते आहे. त्यांनी फोन ठेवून दिला.

डबा मात्र मी बंद केला नाही. आता बिलात विम्याची ओळ नाही. वस्तूच्या वर्णनातच लिहिते: वाटेत फुटले किंवा हरवले तर पूर्ण पैसे परत, जबाबदारी माझी. आणि डब्यात दर पार्सलमागे 25 रुपये पडतात ते माझ्या नफ्यातले. सुरुवातीला 1500 रुपये घातले, कारण डबा रिकामा असताना दुसरीच बरणी फुटली तर द्यायचे कशातून?

पण या डब्याची ताकद किती, ते 2019 च्या ऑगस्टमध्ये कळले. त्या पुरात पुणे-बेंगळुरू महामार्ग कोल्हापूरजवळ कितीतरी दिवस बंद होता, आठवत असेल तुम्हाला. माझी तीन पार्सले एकाच दिवशी एकाच गोदामात दिलेली. एक घड्याळ आणि जुन्या कॅलेंडरांची दोन पुडकी, सगळ्यांचा लगदा. 6200 रुपयांचे नुकसान आणि डब्यात 2075. उरलेले ह्यांनी दिले, आणि एक शब्द बोलले नाहीत, हे सांगायलाच हवे. नुकसान एकेक करून येईल असे आपण धरून चालतो, म्हणून तर डबा पुरतो. पुराने तिन्ही एकदम नेली.

तेव्हापासून डब्यात असेल त्याहून जास्त किमतीची वस्तू असली की खरा विमा उतरवते, खरी किंमत लिहून, आणि बांधतानाचे फोटो ठेवते. कागदाची वस्तू पावसाळ्यात पाठवत नाही. तीन गिऱ्हाइके असली तर तीन वेगवेगळ्या दिवशी पाठवते. बरणीच्या आत आणि बाहेर, दोन्हीकडे जुन्या सुती साड्यांचे तुकडे कोंबते. साड्या आपल्याकडे काय, कमी नाहीत.

आता चारच बरण्या उरल्या आहेत. एकीचे झाकण सापडत नाही. नाशिकच्या त्याच बाई म्हणतात, झाकणाशिवाय चालेल, पण या वेळी कापड जरा जास्त घाला.