ठिपका

माणसाच्या नावाला डाग लागतो तो चारित्र्यामुळे, असं शाळेत शिकवतात. बँकेत तो सही न जुळल्यामुळेही लागतो. आमच्या सोसायटीत मात्र तो गाडीखाली लागतो. नव्या पेव्हर ब्लॉकवर रुपयाएवढा तेलाचा ठिपका पडतो आणि वार्षिक सभेत त्याच्यावर ठराव येतो.

गाडी मारुती ८००, सन १९९८. अण्णांनी निवृत्त झाल्यावर फंडाच्या पैशातून घेतलेली. या जातीची पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हातून ज्या गृहस्थाला मिळाली, त्याचं कौतुक अण्णा व्याह्याचं करावं तसं करतात. जानेवारी २०१४ मध्ये कारखान्यातून ती निघणं बंद झालं, त्या दिवशी अण्णांनी दुसऱ्यांदा भात घेतला नाही. २०२३ साली फेरनोंदणीला नेली, तर पूर्वीच्या ६०० रुपयांची फी ५,००० झालेली. मी निमूट भरली. बुडत्या खात्याला नवं कर्ज देण्याची आम्हा बँकवाल्यांना सवयच असते. हल्ली अण्णा गाडी चालवत नाहीत. रविवारी नुसते आत बसून पेपर वाचतात.

ठिपका दिसताच तज्ज्ञ जमले. सेक्रेटरी म्हणाले, इंजिन गेलं. मेहुणा म्हणाला, ब्रेक ऑइल. पण आधी रक्कम कुठल्या खात्यातली ते पाहावं, हा आमचा धर्म. रात्रभर गाडीखाली कोरा पुठ्ठा ठेवला. जुनं इंजिन ऑइल काळं असतं, कूलंट पाण्यासारखं पातळ. आमचा ठिपका मधासारखा दाट, सोनेरी. हिने लांबूनच वास घेतला आणि म्हणाली, "सडक्या लसणीचा वास येतोय!" निदान झालं. गंधकाचा तो उग्र दर्प गिअर ऑइलचाच.

आता हे तेल येतं कुठून? आपण गाडीत बसून गिअरचा दांडा हलवतो, तो खालच्या एका सळीला ढकलतो. ती सळी गिअरबॉक्सच्या तोंडाशी एका छोट्या शाफ्टला जोडलेली असते. या शाफ्टला पुढेमागे सरकायचं असतं आणि स्वतःभोवती फिरायचंही असतं. तेवढं सगळं करू देऊन आतलं तेल आतच ठेवायचं, हे काम एका रबरी ऑइल सीलकडे. पंचवीस वर्षं उष्णता सोसून रबर कडक होतं, ओठ झिजतो, तेल पाझरतं. पाझरू दिलं तर एक दिवस गिअर-बेअरिंगं कोरडी पडतात.

एका चकचकीत वर्कशॉपने सांगितलं, पूर्ण गिअरबॉक्स उतरवावा लागेल. एस्टिमेट पाहिलं. तारणाच्या किमतीपेक्षा कर्ज मोठं! गल्लीतल्या पोराने नुसतं सील बदललं. महिन्याने ठिपका हजर.

त्या रात्री अण्णा बंद टीव्हीकडे पाहत म्हणाले, "विकून टाक रे. तुला रोजची कटकट नको."

मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून नाना पेठेत गेलो. तिथे एक म्हातारे उस्ताद आहेत. गाडीखाली शिरून ते बराच वेळ नुसते पडून राहिले. मला वाटलं, डोळा लागला. मग आतून आवाज आला, "साहेब, हिचा दम कोंडलाय."

गिअरबॉक्सला वर श्वास सोडायला एक बारीक वाट असते, ब्रीदर. आमचा चिखलाने बुजला होता. गाडी तापली की आतली हवा फुगते. वर वाट नाही म्हटल्यावर ती तेलाला सीलमधून बाहेर ढकलते. सील बिचारं फुकट बदनाम! उस्तादांनी ब्रीदर साफ केला, सळीचा बोल्ट काढला, शाफ्टवरचा गंज बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने पुसला आणि नवं सील ओठाला तेल चोळून, स्प्रिंगची बाजू आत ठेवून, सरळ बसवलं. तेलाच्या डब्यावर जीएल-४ आहे ना, ते मला वाचायला लावलं. जीएल-५ मधली काही रसायनं पितळी सिंक्रो रिंगांना बाधू शकतात म्हणे. मग बाजूच्या प्लगमधून तेल बाहेर ओघळेपर्यंत भरलं. ही गळती मात्र अधिकृत. सीलची किंमत दोघांच्या वडापाव-चहाएवढी. मजुरी सांगताना उस्तादच लाजले.

पुठ्ठा चार रात्री कोरा निघाला. पाचव्या दिवशी पहाटे अण्णा जागेवर नव्हते. गॅलरीतून खाली पाहिलं, तर हातात पुठ्ठा घेऊन सेक्रेटरींच्या नव्या कोऱ्या गाडीपाशी ओणवे झालेले.

"अण्णा, ते एसीचं पाणी असेल!" मी ओरडलो.

"असेल," ते म्हणाले, "पण सभेत विचारायला काय हरकत आहे?"